सतरा नंबरचं लिव्हर

माझ्यावर कुणीही डोळे मिटून विसंबावं, असा मी माणूस आहे. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली! विमा कंपनीतल्या या सत्तावीस वर्षांत माझ्या गैरहजेरीमुळे एकही काम अडलेलं नाही. मुलीच्या बारशाला मी नव्हतो, तरी बारसं झालं. सासऱ्यांच्या साठीला मी नव्हतो, तरी पेढ्यांचा बॉक्स वेळेवर पोचला. आमच्या हिचं, म्हणजे मंदाकिनीचं, यावर वेगळं मत आहे. ते पुढे येईलच.

याचं सगळं श्रेय 'लिंक ऑफिसर' नावाच्या व्यवस्थेला. तुम्ही सरकारी-निमसरकारी नोकरीत नसाल तर सांगतो. प्रत्येक अधिकाऱ्याला एक जोडीदार अधिकारी नेमून दिलेला असतो. मी दौऱ्यावर गेलो की माझ्या टेबलावरची कामं तो उरकतो. तो गेला की त्याची मी. सही करताना आधी 'कृते' लिहायचं, म्हणजे 'यांच्यासाठी', त्यापुढे मूळ अधिकाऱ्याचं नाव आणि खाली आपली सही. झालं काम! मूळ माणूस तिथं होता की नव्हता, हा प्रश्नच उरत नाही.

जयपूरला बदली झाल्यावर मला लिंक ऑफिसर मिळाले ते दशरथ पारीक. अस्सल जयपुरी गडी. राहायला जगतपुऱ्यात, तिथून रोज स्कूटरवर येणार आणि येताना गरम प्याज-कचोऱ्यांचा पुडा आणणार. वय माझ्याएवढं, उंची माझ्याएवढी, मिशी माझ्यासारखी आणि पोटं तर आमची एकाच शिंप्यानं बेतल्यासारखी! आमचा शिपाई पाठमोरं बघून मला 'पारीकजी' आणि त्यांना 'खराडे सर' म्हणायचा. फरक एवढाच, की दशरथजी मनसोक्त खायचे. मी मात्र कचोरी वर्तमानपत्राच्या कागदात दाबून, तेल निथळवून, मगच खायचो. तीनपेक्षा जास्त तर कधीच नाही. आरोग्याच्या बाबतीत मी फार जागरूक!

आता गोष्ट. दोन हजार सात साल, दिवाळी होऊन आठवडा उलटलेला. आमचं भाड्याचं घर बनी पार्कात. रविवारी दुपारी जेवायला वल्लरी आली होती. वल्लरी म्हणजे माझ्या कऱ्हाडच्या वर्गमित्राची मुलगी. जयपूरच्या एका हॉस्पिटलात रेडिओलॉजीचं एमडी करत होती, शेवटचं वर्ष. दर रविवारी ती आमच्याकडेच जेवायची आणि मंदाकिनीच्या हातची भरली वांगी बघून आईला फोन करायची. त्या दिवशी वांग्याला हात लावायच्या आधीच म्हणाली,

"काका, मला एक लिव्हर पाहिजे."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आमची सलोनी नववीत. जन्म भोपाळचा, शाळा हिंदीची. मराठी बोलते, पण गाडी मधेच रूळ बदलते. ती म्हणाली, "बाबा, मतलब... दान करायचं?"

"दान नव्हे गं! नुसतं बघायला पाहिजे," वल्लरी हसली. "काका, माझा थीसिस आहे. लिव्हरमध्ये चरबी किती, ते एमआरआयनं मोजायचं. सोनोग्राफीत नुसतं कळतं, थोडी आहे की बरीच आहे. नक्की आकडा पाहिजे तर सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायला लागतो."

"अगं बाई!" मंदाकिनीनं पदर तोंडाला लावला.

"तेच की काकू. एमआरआय सुईबिई न टोचता सांगतं, शंभरात इतके टक्के. पण आज दहा म्हणालं अन् पुढच्या गुरुवारी सतरा, तर त्याला कोण विचारणार? म्हणून वीस व्हॉलंटियर घेतलेत. आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. तेच मशीन, तीच वेळ, उपाशीपोटी. दोन्ही आकडे जुळले, तर मशीन भरवशाचं. एकजण बोगद्यात घुसमटला अन् पळाला ओ! आता एकोणीसच राहिलेत."

मी पोटावरून हात फिरवला. खरं सांगायचं तर जरा घाबरलोच होतो. "पण माझ्या लिव्हरचा निकाल काही भलताच आला तर?"

तेव्हा वल्लरीनं ते वाक्य उच्चारलं. पुढे जे रामायण झालं, त्याची सगळी जबाबदारी मी या वाक्यावर टाकायचा बराच प्रयत्न केला. ती म्हणाली,

"काका, परीक्षा तुमची नाही ओ. परीक्षा मशीनची आहे!"

मला एकदम हलकं वाटलं. मी छाती पुढे काढली. पोटही त्याबरोबर पुढे आलं. म्हणालो, "वल्लरी, खराड्यांनी शब्द दिला म्हणजे काम झालं समज. माझ्यामुळे तुझं काम अडलं, असं व्हायचं नाही!"

"एकतीस डिसेंबरच्या आत थीसिस जमा करायचाय, काका. नाहीतर एप्रिलच्या परीक्षेला बसता येणार नाही. सहा महिने जातील." हे ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. बापानं दोन्ही म्हशी विकून मुलीला डॉक्टर केलेलं मला ठाऊक होतं.

पहिल्या गुरुवारी सकाळी साडेसातला मी उपाशीपोटी त्या एमआरआय सेंटरवर हजर! पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, निळा झगा चढवला. वजन भरलं अठ्ठ्याहत्तर. मला एक कार्ड मिळालं : 'व्हॉलंटियर नंबर १७'. मग त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. आत अशी ठोकाठोक, की शेजारच्या घरात फरशी बसवतायत आणि आपण त्या फरशीखाली आहोत! मधून मधून कानात आवाज यायचा, "साँस लीजिए... छोड़िए... रोकिए!" मी असा रोखला, की टेक्निशियनला 'अब ले लीजिए' असं दोनदा म्हणावं लागलं. बाहेर आल्यावर वल्लरी म्हणाली, "काका, एक नंबर! असेच पुढच्या गुरुवारी या." आकडा मात्र सांगितला नाही. अभ्यास संपेपर्यंत कुणालाच सांगायचा नाही, असा नियम होता. मला नियम आवडतात, म्हणून मी विचारलंही नाही.

आणि पुढच्या बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटता सुटता विभागीय कार्यालयाचा फोन आला : "खराडेजी, कल सुबह आठ बजे चौमूं. इन्स्पेक्शन टीम आ रही है. आदेश में आपका नाम है."

चौमूं म्हणजे सीकर रोडवर तासाभराची वाट. साडेसातला एमआरआय आणि आठला चौमूं, हे काही जमण्यासारखं नव्हतं. वल्लरीला फोन लावला. ती इमर्जन्सी ड्युटीवर, फोन बंद. मी अस्वस्थ झालो. शब्द दिला होता! मुलीचे सहा महिने माझ्या लिव्हरवर टांगलेले! मी खुर्चीत मागे रेललो आणि शांतपणे विचार केला. परीक्षा कुणाची? मशीनची. माझी आहे का? नाही. मग मशीनखाली कुणीतरी वेळेवर, उपाशीपोटी, श्वास रोखून पडलं म्हणजे झालं! वीसचा आकडा भरला पाहिजे, हे महत्त्वाचं.

समोरच्या टेबलावर दशरथजी स्कूटरची किल्ली शोधत होते.

"दशरथजी, कल सुबह मेरा एक काम करना है."

"हुकम कीजिए सर. कौनसी फाइल?"

"फाइल नहीं. लिव्हर."

मी सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि एकच शंका काढली. "सर, खाली पेट मतलब... कचोरी भी नहीं?"

"कचोरी भी नहीं. साडेआठ के बाद खा लेना."

दशरथजींच्या चेहऱ्यावर हुतात्म्याची कळा आली. "आपके लिए इतना तो करेंगे, सर. और साइन?"

"हमेशा की तरह. कृते."

मी काही लपूनछपून करणारा माणूस नाही. तिथल्या तिथं आदेश टाइप केला : 'श्री. अ. खराडे हे दिनांक अमुक रोजी कार्यालयीन दौऱ्यावर असल्याने त्यांच्या अनुपस्थितीत त्यांची सर्व कामे लिंक ऑफिसर श्री. दशरथ पारीक पाहतील.' गोल शिक्का मारला. खाली 'प्रत माहितीसाठी : डॉ. वल्लरी' असंही लिहिलं. कार्ड आणि आदेश दशरथजींच्या हाती दिला आणि मी निर्धास्त मनानं चौमूंला गेलो. तपासणी उत्तम झाली.

शुक्रवारी दशरथजींनी अहवाल दिला. "हो गया सर! मैडम नहीं थीं, टेक्निशियन अकेला था, रात की ड्यूटी का जगा हुआ. बोला, सतरा नंबर? मैंने कहा, जी. काग़ज़ उसने क्लिप लगाकर रख दिया."

"साँस ठीक से रोकी ना?"

"चार बार! बीच में नींद भी आ गयी."

मी दौऱ्याच्या डायरीत नोंद केली आणि विषय संपवला. वल्लरीला वेगळं काय सांगायचं? लेखी कळवलं होतं!

पुढचा रविवार तिनं ड्युटीमुळे चुकवला. त्याच्या पुढच्या रविवारी आली, ती चेहरा पाडून. ताटात भरली वांगी होती आणि ही पोरगी नुसती त्यांचे देठ मोजत बसलेली! मंदाकिनीनं तिचा हात धरला तसं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"वीसातले एकोणीस जुळले, काकू. कुणाचा अर्ध्या टक्क्याचा फरक, कुणाचा एकाचा. असं सुंदर जुळलंय! अन् एकाचं पहिल्या दिवशी एकवीस अन् आठ दिवसांनी पाच!"

"म्हणजे बराच बरा झाला की तो!" मी म्हणालो.

"आठ दिवसांत सोळा टक्के चरबी कुठं जाते ओ काका? गाइड सर म्हणाले, एकतर मशीन बिघडलंय, नाहीतर तू नीट मोजलं नाहीस. मशीनवर भरवसा नसेल तर थीसिस फाडून टाक, अन् तुझ्यावर नसेल तर बोलायलाच नको. कारण शोधून आण, तोवर सही करणार नाही."

माझं रक्त तापलं. मुलगी दिवसरात्र राबते आणि मशीन दगा देतं म्हणजे काय! मी विचारलं, "तू मशीनच्या कंपनीकडे लेखी तक्रार केलीस?"

"नाही ओ, तसं लगेच..."

"लेखी पाहिजे! लेखी असल्याशिवाय या जगात काही हलत नाही!"

सोमवारी ऑफिसात मी पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत जोरदार पत्र असावं. 'आपल्या यंत्राच्या बेभरवशाच्या वागणुकीमुळे एका होतकरू विद्यार्थिनीचे भवितव्य धोक्यात आले आहे,' अशी सुरुवात आणि शेवटी ग्राहक मंचाचा उल्लेख. सही केली : 'अ. खराडे, व्हॉलंटियर क्रमांक १७'. आणि ठोकलं दिल्लीला फॅक्सनं! दशरथजींनी पत्र वाचून टाळी दिली. "सर, मज़ा आ गया! मुझे तो वो मशीन पहले दिन से ही गड़बड़ लगी थी."

ग्राहक मंच हा शब्द फार गुणी आहे. बुधवारी दिल्लीहून इंजिनियर हजर! त्यानं दोन दिवस मशीन बंद ठेवलं. तेल आणि पाणी ठरावीक मापात घोटून भरलेल्या बाटल्या त्यानं आणल्या होत्या. दहा टक्के तेलाची, वीस टक्के तेलाची, अशा एकेक बाटल्या तो बोगद्यात सरकवत राहिला. त्या दोन दिवसांत तीस-चाळीस पेशंट परत गेले. सेंटरचा मालक गाइड सरांवर ओरडला, गाइड सर वल्लरीवर ओरडले. आणि शेवटी इंजिनियरनं कागद दिला, की दहाची बाटली दहा दाखवते आणि वीसची वीस, मशीनमध्ये काडीचाही दोष नाही.

म्हणजे दोष उरला वल्लरीचा.

हे सगळं मला रविवारी कळलं. वल्लरी आली, पण पानावर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, दिल्लीला पत्र तुम्ही पाठवलंत?"

"मग! आला ना इंजिनियर? बघ, लेखीचा असा परिणाम असतो!"

ती रागावली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्चीत बसली आणि पिशवीतून एक कागद काढला. "सरांनी आठ दिवस दिलेत. तो एकजण कोण, हे मी सांगू शकत नाही. सगळ्या वीस जणांना तेच प्रश्न विचारतेय, तुम्हालाही विचारते. दोन तपासण्यांच्या मधे काही औषध घेतलंत?"

"नाही."

"उपास, डाएट, जुलाब?"

"यांना उपास?" आतून मंदाकिनी बोलली. "साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतात!"

"दुसऱ्या गुरुवारी उपाशीपोटी होता?"

"अगदी! मी बजावून सांगितलं होतं, कचोरीसुद्धा नाही."

वल्लरीचं पेन थांबलं. मग तिनं पुढचा प्रश्न वाचला, "श्वास सांगितल्याप्रमाणे नीट रोखला होता?"

"रोखलाच असणार की! चार वेळा रोखला म्हणाले. मधे थोडी झोप लागली, पण त्यानं काही बिघडत नसावं."

"कोण म्हणाले?"

"दशरथजी."

"कोण दशरथजी?"

"माझे लिंक ऑफिसर!" मी अभिमानानं म्हणालो. "मला ऐन वेळी चौमूंला जावं लागलं. पण तुझं काम अडू दिलं नाही. त्यांना पाठवलं!"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तशी सलोनी दचकली. वल्लरीनं पेन खाली ठेवलं. मी मदतीखातर आणखी खुलासा केला, "अगं, परीक्षा मशीनची ना? मग खाली कोण झोपलंय, याच्याशी मशीनला काय कर्तव्य?"

पहिल्यांदा उजाडलं ते मंदाकिनीला. ती हातात उलथनं घेऊन बाहेर आली. "आवं, तराजू बरोबर आहे का बघायला आधी त्यात वांगी घातली, अन् मग तीच वांगी म्हणून बटाटे घातले, तर तराजू काय करणार ओ?"

बटाटे म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेच मशीन, तीच वेळ... आणि तेच लिव्हर! ते कुणी वेगळं सांगितलं नव्हतं, कारण जगात कुणाला ते सांगावं लागत नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

"मग चौमूंला दशरथजींना पाठवायचं की!" मंदाकिनी म्हणाली.

"तिथं आदेशात माझं नाव होतं. तिथं मीच पाहिजे होतो."

"अन् लिव्हर काय, कुणाचंबी चालतं?"

वल्लरी आधी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. मंदाकिनीनं उलथन्यासकट तिला जवळ घेतलं. मला फार, फार लाज वाटली. माझ्या मित्राच्या मुलीला दोन आठवडे झोप नव्हती आणि मी तिच्यासाठी मशीनविरुद्ध पत्रं लिहीत होतो!

"सांग तुझ्या सरांना. मी करतो कबूल," मी म्हणालो.

"सर विश्वास ठेवणार नाहीत, काका. म्हणतील, आता अडचणीत आल्यावर काका उभा केला."

"लेखी आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि या एका वेळी तरी ते उपयोगी पडलं. सोमवारी सकाळी वल्लरीनं सेंटरचं कपाट उघडायला लावलं. सतरा नंबरच्या फाइलीत माझा आदेश गोल शिक्क्यासकट क्लिप लावून ठेवलेला होता. तो कुणी उघडून वाचलेला नव्हता. त्याच्यामागे फॉर्म, आणि फॉर्मवर सुबक अक्षरात : 'कृते अ. खराडे', खाली दशरथजींची सही.

मंगळवारी सकाळी सातला दशरथजी आणि मी गाइड सरांसमोर उभे होतो, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे. सर उंच, सडपातळ, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी आदेश वाचला, फॉर्म वाचला, पुन्हा आदेश वाचला. आमच्या मिशा बघितल्या. मग आमची पोटं बघितली, बराच वेळ.

"खराडे साहब, तीस साल में मैंने बहुत तरह की गड़बड़ देखी है. ऐसी नहीं देखी."

"सर, ग़लती सारी मेरी है," मी म्हणालो. "बच्ची की नहीं है. मशीन की भी नहीं."

"वो अभी देख लेते हैं." ते टेक्निशियनकडे वळले. "दोनों को गाउन पहनाओ. किसी को भी पहले लो. मुझे नाम मत बताना." आणि ते आतल्या खोलीत पडद्यासमोर, आमच्याकडे पाठ करून बसले. वल्लरी कोपऱ्यात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

आम्ही निळे झगे घालून बाकावर बसलो. आता आरशानंही आम्हांला वेगळं ओळखलं नसतं. दशरथजी हळूच म्हणाले, "सर, मेरा मशीन में फेल हो गया तो?" मी म्हणालो, "परीक्षा आपकी नहीं है, दशरथजी," आणि झग्याची नाडी पुन्हा एकदा आवळली. एकजण आत गेला, मग दुसरा. ठोकाठोक, साँस लीजिए, रोकिए. या वेळी मी वल्लरीच्या बापाला आठवून श्वास रोखला.

मग सरांनी आम्हांला आत बोलावलं. तरीही मान न वळवता ते म्हणाले, "पहला आदमी, पाँच दशमलव एक. दूसरा, इक्कीस दशमलव दो. तो पहले पारीक गये थे और बाद में खराडे. ठीक?"

"ठीक!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

सर वळले. आयुष्यात पहिल्यांदा हसत असावेत, असे हसले. "वल्लरी, जिन दो आदमियों को मेरा टेक्निशियन अलग नहीं पहचान पाया, उन्हें मशीन ने अंदर से पहचान लिया. तुम्हारी मशीन ठीक है. तुम्हारा हिसाब भी ठीक है." त्यांनी चष्मा पुसला. "आदमी गड़बड़ था. सतरा नंबर निकाल दो, कारण लिख दो, उन्नीस पर थीसिस जमा करो. मैं साइन कर दूँगा."

वल्लरी भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग पुढे आली आणि माझ्या पाया पडली! मी म्हणालो, "अगं, माझ्या कसल्या पाया पडतेस?" तर म्हणाली, "काका, तुम्ही येऊन कबूल केलंत." मी रुमाल शोधू लागलो. दशरथजींनी माझ्या वतीनं तिला आशीर्वाद दिला.

थीसिस एकोणतीस डिसेंबरला जमा झाला. एप्रिलमध्ये वल्लरी पास झाली. तिनं आणलेले पेढे तळहाताएवढे मोठे होते. थीसिसची एक प्रत तिनं आम्हांला दिली आहे. विषय : एमआरआयनं केलेल्या मोजणीची विश्वासार्हता. त्यात पान बेचाळीसवर तळटीप आहे, ती मंदाकिनीच्या हाती लागू नये म्हणून मी खूप जपलं. पण तिनं सलोनीकडून तिचं मराठी करून घेतलंच : 'वीस स्वयंसेवकांपैकी एक विश्वासार्ह न आढळल्याने वगळण्यात आला.' तो कागद सध्या आमच्या फ्रिजवर आहे.

पण खरा तडाखा वेगळाच. अभ्यास संपल्यामुळे आकडे सांगायला आता मोकळीक होती. वल्लरीनं सांगितलं, पाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत ठीक समजायचं. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तुपात बाटी बुडवणारे, कचोऱ्या न निथळता खाणारे दशरथजी पास, काठावर का होईना! आणि वर्तमानपत्रात दाबून दाबून खाणारा मी, एकवीस! मी म्हणालो, "पुन्हा एकदा मोजायचं का? मशीन काय, चुकू शकतं."

त्यावर वल्लरी आणि मंदाकिनीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी आपणहून उठून चालायला गेलो.

आता रोज पहाटे पाऊण तास चालणं आणि दोन्ही वेळा दुधी. आणि मंदाकिनीनं माझ्याच टाइपरायटरवर, माझ्याच नमुन्यात, सलोनीकडून एक आदेश टाइप करून घेतला. गोल शिक्का नव्हता, म्हणून खाली हळदीकुंकवाचं बोट लावलं : 'श्री. अ. खराडे हे प्रकृतीच्या कारणास्तव असमर्थ असल्याने त्यांच्या वाट्याची भरली वांगी, पुऱ्या, भजी व इतर सर्व तळीव पदार्थ यापुढे दर रविवारी लिंक ऑफिसर श्री. दशरथ पारीक पाहतील.'

दशरथजी एकही रविवार चुकवत नाहीत. मी समोर दुधी चिवडत बसतो आणि ते माझी वांगी खातात, अतिशय कर्तव्यबुद्धीनं. "क्या करें सर, ड्यूटी है," असं म्हणतात. आणि जेवण झालं की हात पुसून, मंदाकिनीनं फ्रिजजवळ टांगलेल्या वहीत सुबक अक्षरात सही करतात : कृते अ. खराडे.